दस्तऐवज-व्यवस्थापन प्रशिक्षण

कार्यालय, कारखाना, सहकारी संस्था, शिक्षणसंस्था इत्यादींच्या कामकाजातून अर्ज, संचिका, हिशेब, नोंदी, नकाशे, छायाचित्रे असा विविध आशय निर्माण होतो. हा आशय संगणकावर साठविणे, त्याचे वर्गीकरण करणे, तो योग्य व्यक्तीकडे कार्यवाहीसाठी पाठविणे, हवा तेव्हा शोधून काढणे व मुदत संपल्यावर त्याची विल्हेवाट लावणे ही कामे ज्या आज्ञावलींच्या साहाय्याने होतात, त्यांना दस्तऐवज-व्यवस्थापन किंवा आशय-व्यवस्थापन प्रणाली असे म्हणतात. अशा प्रणाली वापरण्यास कर्मचाऱ्यांना शिकविण्याच्या योजनाबद्ध कार्यास दस्तऐवज-व्यवस्थापन प्रशिक्षण ही संज्ञा आहे. महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण संगणकजाल प्रकल्पाचा उल्लेख आवश्यक ठरतो. कारण दप्तराचे संगणकीकरण खेड्यातील सामान्य उत्पादकाच्या दारापर्यंत नेण्याचा तो देशातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय.

स्वरूप : प्रणाली चालविण्यास शिकणे आणि दप्तर राखण्यास शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत कळफलक, पडदा, निरनिराळ्या आज्ञा व त्यांचा क्रम यांचा परिचय होतो. दुसरीत कोणता कागद जपून ठेवावयाचा, त्याला कोणते नाव द्यावयाचे, तो कोणी पाहावयाचा व किती काळ ठेवावयाचा, यांसंबंधीचा विवेक येतो. पहिले ज्ञान आज्ञावली बदलली की बरेचसे निरुपयोगी होते. दुसरे टिकून राहते. पुष्कळ प्रशिक्षणवर्ग पहिल्यावरच थांबतात. परिणामी कागदी दप्तरातील अव्यवस्था संगणकात जशीच्या तशी उतरते, आणि संगणकाचा वेग अधिक असल्याने ती अधिक झपाट्याने वाढते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : दप्तर ठेवण्याचे शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. यादवकाळातील हेमाद्रीच्या नावाशी निगडित असलेल्या मेस्तकांत पत्रांचे मायने व कारकुनी लेखनाचे नियम सांगितलेले आढळतात. शिवकालात सु. १६७७ मध्ये सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात राजदरबारात रूढ असलेल्या फार्सी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. प्रचलित संज्ञांचे प्रमाणीकरण हे दप्तराच्या शिस्तीचे पहिले अंग असते, हे त्यावरून दिसून येते. पेशवाईत आणि नंतरच्या इंग्रजी अमदानीतही कारकुनीचे शिक्षण मुख्यतः उमेदवारीने होई. जाणत्या कारकुनाशेजारी बसून नक्कल करीत, रुमाल बांधीत व सोडीत तरुण उमेदवार काम शिके. पुण्यातील पेशवे दप्तरातील मोडी कागदांचा प्रचंड साठा या परंपरेची साक्ष देतो. मात्र मोडी वाचणारे दुर्मिळ झाल्यावर त्यातील मोठा भाग सामान्य अभ्यासकाला अगम्य झाला. कागद शाबूत असूनही वाचणारा नसेल, तर तो नसल्यासारखाच असतो. संगणकीय नोंदींनाही हे तत्त्व लागू पडते.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क व ड असे वर्गीकरण रूढ आहे. अ वर्गातील कागद कायम जतन करावयाचे, तर ड वर्गातील अल्प मुदतीनंतर नष्ट करावयाचे असतात. लिपिकाच्या मेजावरील कागदांसाठी सहा गठ्ठा पद्धत वापरतात. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे व नष्ट करावयाचे कागद असे ते सहा गठ्ठे होत. १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची बैठकव्यवस्था, अभिलेखांची मांडणी व कामाची विभागणी नव्याने केली. ही पद्धत लखिना पॅटर्न या नावाने राज्यभर प्रसिद्ध झाली. त्यात संगणकाचा भाग नव्हता. परंतु आजच्या प्रणालींत आढळणारी वर्गीकरण, जबाबदारीची निश्चिती व शोधसुलभता ही तिन्ही तत्त्वे त्यात होती. त्यामुळे सहा गठ्ठ्यांची सवय असलेला लिपिक संगणकावरील संचिका-व्यवस्था लवकर आत्मसात करू शकतो. त्याला नवे तत्त्व शिकावे लागत नाही, तर जुनेच तत्त्व नव्या साधनाने कसे राबवावयाचे एवढेच शिकावे लागते.

कायद्यानेही या कौशल्याला महत्त्व आणले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये विद्युत् अभिलेखांना वैधता मिळाली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपले अभिलेख रीतसर सूचीबद्ध व निर्देशित करणे आणि शक्य तेथे त्यांचे संगणकीकरण करणे बंधनकारक झाले. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही २००५ चाच आहे. २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाच्या इमारतीला लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या संचिका भस्मसात झाल्या. कागदाच्या एकमेव प्रतीवर विसंबून राहण्यातील धोका या दुर्घटनेने स्पष्ट झाला.

प्रणालीचे घटक व शिकावयाचे विषय : आज्ञावली कोणतीही असली, तरी तिच्यात पुढील पाच घटक बहुधा असतात व प्रशिक्षणाची मांडणी त्यांच्याभोवती करणे सोयीचे ठरते. (१) नोंद व वर्णन : प्रत्येक दस्तऐवजासोबत त्याचा विषय, दिनांक, कर्ता, प्रकरण क्रमांक यांसारखी वर्णनात्मक माहिती भरावी लागते. ग्रंथालयातील तालिकापत्राप्रमाणे हिचा उपयोग असतो. शोध घेताना संगणक मुख्यतः या वर्णनाचा आधार घेतो. ते चुकले तर दस्तऐवज असूनही सापडत नाही. (२) आवृत्ती : मसुद्यात केलेला प्रत्येक बदल स्वतंत्र आवृत्ती म्हणून जपला जातो, त्यामुळे कोणी केव्हा काय बदलले हे कळते. (३) अधिकार : कोणी वाचावयाचे, कोणी दुरुस्त करावयाचे व कोणी मंजूर करावयाचे हे पदानुसार ठरविलेले असते. (४) कार्यप्रवाह : लिपिकाकडून अधीक्षकाकडे व तेथून अधिकाऱ्याकडे संचिका ज्या क्रमाने जाते, तो क्रम प्रणालीत बांधलेला असतो. (५) धारणा व विल्हेवाट : अभिलेखाच्या वर्गानुसार मुदत ठरते. अभिलेख-व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५४८९, प्रथम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले व २०१६ मध्ये सुधारण्यात आले.

यांपैकी अधिकार हा घटक शिकविताना विशेष काळजी घ्यावी लागते. अनेक कार्यालयांत वरिष्ठांचा परवलीचा शब्द कनिष्ठाला सांगून काम उरकण्याची प्रवृत्ती असते. कागदावर दुसऱ्याची सही करणे हा गंभीर प्रमाद आहे हे प्रत्येकास कळते; परंतु दुसऱ्याच्या परवलीच्या शब्दाने नोंद करणे हाही तशाच स्वरूपाचा प्रमाद आहे, हे शिकवावे लागते.

वारणानगरचा प्रयोग : पन्हाळा तालुक्यात वारणा नदीच्या खोऱ्यात वसलेले वारणानगर हे सहकारी तत्त्वावर उभ्या राहिलेल्या संस्थासमूहाचे केंद्र आहे. विश्वनाथ अण्णा ऊर्फ तात्यासाहेब कोरे (१९१४–९४) यांच्या पुढाकाराने येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे दूध प्रक्रिया, ग्राहक भांडार, महाविद्यालये व १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्थांची त्यात भर पडली [⟶ सहकार]. मे १९९८ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय कृतिदलाच्या काळात, या परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सु. ७० गावे संगणकजालाने जोडण्याची योजना आखण्यात आली. ती वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प या नावाने ओळखली जाते. केंद्र शासनाचे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, महाराष्ट्र शासन व वारणा विभाग शिक्षण मंडळ यांनी तो संयुक्तपणे राबविला. खर्चाचा वाटा केंद्र शासन ५० टक्के, राज्य शासन ४० टक्के व स्थानिक संस्था १० टक्के असा होता. अस्तित्वात असलेल्या सहकारी संस्थांची कार्यक्षमता वाढविणे, तसेच शेती, आरोग्य, शिक्षण व बाजारभाव यांविषयीची माहिती गावातच स्थानिक भाषेत उपलब्ध करून देणे, ही त्याची उद्दिष्टे होती.

या प्रकल्पात प्रशिक्षणाचे महत्त्व का होते, हे समजण्यासाठी ऊस कारखान्याच्या दप्तराचा क्रम पाहणे उपयुक्त ठरेल. सभासद लागण करतो तेव्हा गट क्रमांक, क्षेत्र, उसाची जात व लागणीची तारीख यांची नोंद शेतकी विभागाकडे होते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा यांची पक्वतेची वेळ भिन्न असल्याने तोडणीचा कार्यक्रम या तारखेवरून ठरतो. पाळी आली की तोडणीचा परवाना निघतो, टोळी येते, ऊस कारखान्याच्या काट्यावर वजन होतो व वजनाची पावती मिळते. वजनावरून देयक तयार होते. खते, बियाणे व सोसायटीचे कर्ज यांची कपात होऊन उरलेली रक्कम सभासदाच्या खात्यावर जमा होते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत देणे अपेक्षित असते व विलंब झाल्यास १५ टक्के दराने व्याजाची तरतूद आहे.

या साखळीतील पहिलीच नोंद चुकली, तर पुढील सर्व पायऱ्या चुकतात. लागणीची तारीख एका महिन्याने पुढची पडली, तर पाळी लांबते. पक्व ऊस रानात उभा राहून वाळतो, त्याला तुरे येतात, वजन घटते आणि पुढच्या पिकासाठी रान वेळेवर मोकळे होत नाही. क्षेत्र कमी नोंदले गेले, तर उरलेल्या उसाच्या परवान्यासाठी खेपा घालाव्या लागतात. वरवर किरकोळ दिसणारी लेखनातील चूक अशा रीतीने एका कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नावर परिणाम करते. म्हणून नोंद भरणाऱ्याचे प्रशिक्षण हा सभासदाच्या हितसंबंधाचा विषय ठरतो. पूर्वी यांपैकी कोणत्याही बाबीची चौकशी करावयाची, तर शेतकऱ्यास काम सोडून कारखान्यावर किंवा गट कार्यालयात जावे लागे. प्रकल्पानंतर गावातील माहिती केंद्रावर चालक बसू लागला. शेतकरी त्यास आपला सभासद क्रमांक सांगे व चालक संगणकावरून नोंद, परवाना, वजन किंवा खताचा हिशेब पाहून सांगे. गावात भरलेली माहिती दूरध्वनीमार्गे वारणानगर येथील मध्यवर्ती संगणकाकडे जाई व तेथील अद्ययावत माहिती गावाकडे येई.

या रचनेत शेतकऱ्याने संगणक हाताळणे अभिप्रेत नव्हते; तो चालकामार्फतच वापरला जाई. त्यामुळे चालकाच्या अंगी तीन प्रकारची जाण असणे भाग होते. संगणक व जोडणी चालू ठेवणे ही पहिली. उसाच्या नोंदीतील संज्ञा व नियम जाणणे ही दुसरी. आणि समोरच्या माणसाला त्याच्या बोलीत समजावून सांगणे ही तिसरी. यांपैकी दुसरी व तिसरी जाण कोणत्याही संगणकवर्गात मिळत नाही. ती गावातील व कारखान्याच्या कामाशी परिचित असलेल्या माणसाकडेच असते. त्यामुळे अशा कामासाठी परका संगणकतज्ञ आणून त्याला ऊस शिकविण्यापेक्षा उसाचे काम जाणणाऱ्यास संगणक शिकविणे अधिक सुकर होते.

प्रकल्पाचा अनुभव संमिश्र आहे. सु. ५४ केंद्रे प्रत्यक्ष कार्यरत झाली. ऊस व्यवहाराच्या नोंदींसाठी त्यांचा नियमित उपयोग झाला. परंतु शेतीविषयक सल्ला, शिक्षण, आंतरजाल इ. इतर सेवांचा वापर अगदी अल्प राहिला. ज्या माहितीत शेतकऱ्याचा प्रत्यक्ष व्यवहार गुंतलेला होता व जी कारखाना दररोज अद्ययावत करीत होता, तीच टिकली. यानंतर मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर व केंटारो टोयामा यांनी येथे वारणा अनवायर्ड हा प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल फोन व लघुसंदेश यांच्या आधारे तीच माहिती देण्याची ही योजना सात गावांत आठ महिने चालविण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संगणकावर होणारी सर्व कामे फोनवर होऊ शकली, खर्च कमी झाला व शेतकऱ्यांनी ही पद्धत अधिक पसंत केली. सर्व केंद्रांचे रूपांतर केल्यास संस्थेची वर्षाला सु. १० लाख रुपयांपर्यंत बचत होऊ शकेल, असा अंदाज त्यांनी मांडला. प्रशिक्षणाच्या दृष्टीने यातून मिळणारा बोध असा की, साधन जितके परिचित तितके शिकवावे लागणारे कमी. प्रशिक्षणाची गरज मोजण्यापूर्वी साधनच सोपे करता येईल काय, हे पाहणे हितावह असते.

प्रशिक्षणाचे प्रकार : दस्तऐवज-व्यवस्थापन शिकण्याचे आज उपलब्ध असलेले मार्ग स्थूलमानाने पाच गटांत मांडता येतात.

(१) पायाभूत संगणक-साक्षरता : २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एम्‌एस्‌-सीआयटी हा अभ्यासक्रम राज्यात सर्वाधिक परिचित आहे व अनेक शासकीय पदांसाठी तो किंवा तत्सम अर्हता आवश्यक मानली जाते. खेडोपाडी पसरलेल्या केंद्रांमुळे तो सुलभ आहे. तथापि तो पाया आहे. संचिका-व्यवस्थापनाचे विशेष ज्ञान त्यातून अपेक्षिता येत नाही.

(२) संस्थागत अभ्यासक्रम : पुण्याची यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी (यशदा) शासकीय अधिकारी व कर्मचारी यांना, तर पुण्याचीच वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी प्रबंध संस्था सहकारी क्षेत्रातील व्यवस्थापकांना प्रशिक्षण देते. विद्यापीठांतील ग्रंथालय व माहितीशास्त्र विभागांत वर्गीकरण, निर्देशीकरण व अंकीय संग्रह यांचे अध्यापन होते. येथे विषयाची तात्त्विक बैठक पक्की होते. परंतु कामावरून काही दिवस दूर राहावे लागते व वर्गात शिकविलेली प्रणाली स्वतःच्या कार्यालयात असेलच असे नाही.

(३) कामावरील प्रशिक्षण : प्रत्यक्ष मेजावर जाणत्या सहकाऱ्याकडून शिकणे हे उमेदवारीचे आधुनिक रूप होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांसाठी विकसित झालेल्या पद्धतीत याचे चार टप्पे सांगितले आहेत : शिकणाऱ्याची तयारी करणे, काम करून दाखविणे, त्याच्याकडून करवून घेणे व नंतर त्यावर लक्ष ठेवणे. खर्च अल्प व उपयोग तत्काळ हे याचे गुण. मात्र शिकविणाऱ्याच्या चुकीच्या सवयीही त्याबरोबर पुढे जातात.

(४) मुख्य प्रशिक्षक पद्धत : राज्यव्यापी प्रणाली अल्पावधीत लागू करावयाची असेल, तर प्रत्येक जिल्ह्यातील काही व्यक्तींना आधी प्रशिक्षित करून त्यांच्याकरवी इतरांना शिकविले जाते. भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणात व ई-फेरफार प्रणालीत महसूल खात्याने या पद्धतीचा अवलंब केला. तिच्यात प्रत्येक पायरीवर आशय थोडाथोडा गळत जातो. म्हणून लिखित पाठ व अडचणींचे निवारण करणारे केंद्र यांची जोड आवश्यक असते.

(५) दूरस्थ व स्वयंअध्ययन : केंद्र शासनाच्या मिशन कर्मयोगी (२०२०) या कार्यक्रमात शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आयगॉट हे अध्ययनपीठ आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या स्पोकन ट्यूटोरियल या प्रकल्पात मुक्त आज्ञावलींचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले असून त्यांतील अनेक मराठीसह भारतीय भाषांत आहेत. पडद्याच्या एका बाजूस पाठ व दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष आज्ञावली उघडून शेजारी-शेजारी सराव करावयाचा, अशी त्यांची रीत आहे. अल्प खर्च व हवे तेव्हा थांबण्याची मुभा हे लाभ आहेत. परंतु शंका विचारण्यास कोणी नसल्याने चिकाटी लागते.

प्रणाली विकणाऱ्या कंपन्याही प्रशिक्षण देतात. त्यांना उत्पादनाची इत्थंभूत माहिती असते. तथापि त्या मुख्यतः स्वतःच्या उत्पादनाची वैशिष्ट्ये शिकवितात, ग्राहकसंस्थेचे नियम नव्हे. खरेदीच्या करारातच प्रशिक्षणाचे तास, मराठी पुस्तिका व पहिल्या वर्षातील साहाय्य यांचा उल्लेख करून घेणे इष्ट असते. ड्रुपल, जूमला, डीस्पेस यांसारख्या मुक्त प्रणालींना परवानाशुल्क नसते. त्यामुळे वाचलेली रक्कम प्रशिक्षणाकडे वळविता येते. शासनाची ई-ऑफिस प्रणाली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने विकसित केली असून तिचा ई-फाइल हा घटक टिपणी व पत्रव्यवहार या कागदी संचिकेच्या दोन परिचित बाजू पडद्यावर कायम ठेवतो. जुन्या कर्मचाऱ्यांना ती आत्मसात करणे त्यामुळे सुलभ होते.

भाषा व लिपी : मराठी कार्यालयांतील एक खास अडचण लिपीची आहे. संगणकाच्या आरंभीच्या काळात मराठी मजकूर विशिष्ट अक्षरसंचांत टंकित होई. एका संचातील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसत, आणि त्यात शोध घेणे अशक्य होई. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये भारतीय मानक (आयएस १३१९४) निश्चित झाले. पुढे युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीचा सर्वत्र स्वीकार झाला. मात्र जुन्या अक्षरसंचांतील संचिकांचे रूपांतर अनेक संस्थांत अद्याप बाकी आहे. मोडी दप्तराची जी अवस्था लिपी विसरल्याने झाली, तीच या संचिकांची अक्षरसंच लुप्त झाल्याने होण्याचा संभव असतो. यंत्रटंकलेखन शिकलेल्या लिपिकांना जुन्या कळमांडणीची सवय असते, तर इन्स्क्रिप्ट ही प्रमाण मांडणी वर्णमालेच्या क्रमावर आधारलेली आहे. ती नवशिक्यास सोपी, परंतु जुन्या टंकलेखकास आरंभी अवघड वाटते. त्याला सवयीसाठी काही आठवडे देणे आणि त्या काळात कामाच्या गतीचा आग्रह न धरणे हे शहाणपणाचे ठरते.

दुसरी अडचण संज्ञांची. पडद्यावरील आज्ञा इंग्रजीत, संचिकेतील मजकूर मराठीत व बोलणे स्थानिक बोलीत, अशा तिहेरी परिस्थितीत एकाच गोष्टीला तीन नावे पडतात. एकाच गावाचे वा व्यक्तीचे नाव निरनिराळ्या शुद्धलेखनाने भरले गेले, तर संगणक त्यांना भिन्न समजतो. प्रत्येक संस्थेने नावांची व विषयांची प्रमाण सूची तयार करून ती प्रशिक्षणात समाविष्ट करणे हा यावरील उपाय होय.

आखणी व मूल्यमापन : प्रशिक्षणाची आखणी पदानुसार करावी. केवळ वाचणाऱ्यास शोध व अवलोकन, नोंद करणाऱ्यास वर्णन व तपासणी, मंजुरी देणाऱ्यास अधिकार व कार्यप्रवाह, तर प्रणालीच्या व्यवस्थापकास राखीव प्रती, सुरक्षा व धारणा हे विषय आवश्यक असतात. सर्वांना सर्व काही एकाच वर्गात शिकविल्यास कोणालाच नेमके काही मिळत नाही. सरावासाठी मूळ नोंदींना धक्का न लावता काम करता येईल अशी स्वतंत्र प्रत असावी. चूक करण्याची भीती गेल्याखेरीज प्रौढ माणूस नवे साधन मोकळेपणाने हाताळीत नाही. पुस्तिका लहान व कामाच्या क्रमाने लिहिलेली असावी. अमेरिकन संशोधक जॉन कॅरोल यांनी १९८० नंतरच्या दशकात केलेल्या अभ्यासांत, मोठ्या पुस्तिकेपेक्षा मोजक्या सूचना व चूक सुधारण्याचे मार्ग देणारी छोटी पुस्तिका अधिक परिणामकारक ठरल्याचे आढळले.

मूल्यमापनासाठी डॉनल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेले चार स्तर प्रचलित आहेत : शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, प्रत्यक्ष अध्ययन, कामातील वर्तन व अंतिम परिणाम. बहुतेक वर्गांच्या शेवटी केवळ पहिल्या स्तराची प्रश्नावली भरून घेतली जाते. खरी कसोटी तीन महिन्यांनी लागते. मागितलेली संचिका किती वेळात सापडते, दुरुस्तीसाठी किती नोंदी परत येतात, संगणकाबरोबर कागदी नोंदवहीही गुपचूप चालू आहे काय, यांवरून प्रशिक्षणाचे यश ठरते.

सर्वांत महत्त्वाची तपासणी ज्याच्याविषयी नोंद आहे, त्याच्याकडून होते. महाराष्ट्रात सातबारा उताऱ्यांचे संगणकीकरण करताना हस्तलिखित व संगणकीय उताऱ्यांतील तफावती दूर करण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेण्यात आले. खातेदारांसमोर उतारे वाचून दाखवून चुका नोंदविण्याची ही जुनीच रीत संगणकाच्या काळातही उपयुक्त ठरली. ऊस नोंदीची छापील प्रत सभासदास देऊन त्याची खातरजमा करून घेणे, हे याच तत्त्वाचे लहान रूप होय. नोंद करणाऱ्यास शिकविताना ही खातरजमा कामाचा अविभाज्य भाग म्हणून शिकविली पाहिजे.

मर्यादा : प्रशिक्षणाने सर्व दोष दूर होत नाहीत. वीजपुरवठा व जोडणी अनियमित असल्यास प्रशिक्षित कर्मचारीही कागदाकडे परततो. प्रशिक्षित व्यक्तीची बदली झाली की कार्यालय पूर्वस्थितीला जाते. म्हणून किमान दोन व्यक्ती प्रत्येक कामात तयार असाव्या लागतात. हंगामी कर्मचाऱ्यांचा भरणा असलेल्या साखर कारखान्यासारख्या उद्योगात दर गाळप हंगामापूर्वी उजळणी वर्ग घेणे अपरिहार्य असते. वरिष्ठांनी स्वतः प्रणाली वापरली नाही व छापील प्रतीच मागितल्या, तर कनिष्ठांचे शिक्षण व्यर्थ जाते. त्यामुळे अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण लिपिकांच्या आधी किंवा निदान बरोबरीने व्हावे, असे तज्ञांचे मत आहे.

कोणता मार्ग निवडावा, हे संस्थेच्या आकारावर व कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. गावपातळीवरील सोसायटीस पायाभूत साक्षरता, कामावरील मार्गदर्शन व मराठी दृक्‌श्राव्य पाठ यांचा मेळ पुरेसा होतो. जिल्हा पातळीवरील कार्यालयास मुख्य प्रशिक्षक व साहाय्य केंद्र यांची गरज असते. संस्थासमूहास स्वतःचा एखादा कर्मचारी अभिलेख-व्यवस्थापनाच्या औपचारिक अभ्यासक्रमास पाठविणे किफायतशीर पडते. निवड कोणतीही असो, प्रथम दप्तराचे वर्गीकरण व संज्ञा निश्चित करणे, नंतर प्रणाली निवडणे व शेवटी ती शिकविणे हा क्रम पाळावा लागतो. हा क्रम उलटा झाल्यास शिकविलेले वारंवार बदलावे लागते व कर्मचाऱ्यांचा प्रणालीवरील विश्वास उडतो.